फेलिसिटी केंडल यांचं काम कुठून पाहायला घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘द गुड लाइफ’ या बीबीसीच्या विनोदी मालिकेतली बार्बरा, एवढीच ब्रिटिश अभिनेत्री फेलिसिटी केंडल यांची ओळख. त्या शशी कपूर यांच्या मेहुणी, हे ऐकून माहीत. अभिनय शिकणाऱ्याने त्यांचं काम कुठून पाहायला घ्यावं, त्यात नेमकं काय पाहावं आणि टीव्ही व नाटक या दोन्ही गोष्टी त्यांनी इतकी दशकं कशा सांभाळल्या?

आधी एक नेहमीचा गोंधळ. ‘जुनून’ आणि ‘36 चौरंगी लेन’मध्ये ज्या दिसतात त्या जेनिफर केंडल, म्हणजे थोरली बहीण. शशी कपूर यांच्याशी लग्न झालं त्यांचं, 1958 मध्ये. फेलिसिटी त्यांच्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. त्यांचा जन्म 25 सप्टेंबर 1946 चा, इंग्लंडमधल्या वॉरिकशायरमधला. दोघी बहिणी मुंबईत बरेचदा एकाच नावाखाली खपवल्या जातात आणि मग फेलिसिटीच्या खात्यावर भलतेच सिनेमे जमा होतात.

वडील जेफ्री केंडल, आई लॉरा लिडेल. दोघांची ‘शेक्सपिअराना’ ही फिरती नाटकमंडळी. 1940 च्या दशकाच्या शेवटी एक दौरा झाला. 1953 मध्ये ती मंडळी पुन्हा भारतात आली आणि शाळा, कॉलेजं, संस्थानिकांचे राजवाडे, डोंगरावरची थंड हवेची गावं असे शेकडो खेळ करत फिरली. आपल्याकडे संगीत नाटक मंडळ्या बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगाव जायच्या, तसंच हे समजा. फक्त इथे नाटकं शेक्सपिअर, शॉ आणि शेरिडन यांची. उत्पल दत्त या मंडळीत घडले आणि शशी कपूर यांनीही यात कामं केली. फेलिसिटी नऊ महिन्यांच्या असताना ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’मधलं पळवून आणलेलं मूल म्हणून कडेवर बसून रंगमंचावर आल्या. पुढे शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये, तेही मंडळी जाईल तसं तुकड्यातुकड्यांत. नाट्यशाळेत त्या कधी गेल्याच नाहीत.

त्यांच्या कामाची किल्ली इथे आहे, म्हणून इथे जरा थांबतो. फिरत्या मंडळीत नटाला कोणत्या सवयी लागतात? माणसं मोजकी, म्हणून एकाच खेळात दोन-तीन भूमिका. आज ‘हॅम्लेट’, उद्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’, म्हणजे पाच-सहा नाटकं एकदम तोंडपाठ हवीत. हॉल दररोज नवा. कुठे छत पत्र्याचं, कुठे मागच्या रांगेला आवाजच पोहोचत नाही, तर कुठे पंखे बंद करता येत नाहीत. मग आवाज कुठे टाकायचा हे पहिल्या दोन वाक्यांत ओळखावं लागतं. आणि समोरच्या निम्म्या प्रेक्षकांची भाषा इंग्रजी नाही, त्यामुळे वाक्याचा अर्थ शब्द संपायच्या आधी अंगात दिसायला हवा. ही शेवटची सवय फेलिसिटी यांच्या प्रत्येक कामात दिसते. त्यांच्या चेहऱ्यावर विचार आधी येतो, वाक्य मागून.

याचा पुरावा म्हणून 1965 चा ‘शेक्सपिअर वाला’ पाहा. दिग्दर्शक जेम्स आयव्हरी, पटकथा रूथ प्रवेर झाबवाला, संगीत सत्यजित राय. गोष्ट एका ओसरत चाललेल्या इंग्रज नाटकमंडळीची. आईवडिलांच्या भूमिकेत खुद्द जेफ्री आणि लॉरा, मुलगी लिझी म्हणजे फेलिसिटी आणि तिचा प्रियकर शशी कपूर. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात अभिनयाचं बक्षीस याच सिनेमातल्या मधुर जाफरी यांना मिळालं आणि ते योग्यच होतं. पण शिकणाऱ्याने लिझीचे शांत प्रसंग पाहावेत. समोरचा बोलत असताना ही मुलगी काय करते? काहीच नाही, ती ऐकते. कॅमेऱ्यासमोर नुसतं ऐकत बसणं हे विशीच्या आतल्या नटीला सहसा जमत नाही. तिचे हात काहीतरी शोधत राहतात.

लंडनला परतल्यावर मात्र हा सगळा अनुभव कुणाच्या हिशेबात नव्हता. भारतात शेक्सपिअर केला म्हणजे नेमकं काय केलं, हे तिथल्या निर्मात्यांना कळायला मार्ग नव्हता. 1966 मध्ये बीबीसीच्या ‘द मेफ्लाय अँड द फ्रॉग’मध्ये जॉन गिलगुड यांच्यासमोर काम मिळालं, 1967 मध्ये ‘मायनर मर्डर’मधून वेस्ट एंडला, म्हणजे लंडनच्या व्यावसायिक रंगभूमीवर, पाऊल पडलं. तरी खरा दरवाजा उघडला तो 1974 मध्ये, नाटककार ॲलन एकबर्न यांच्या ‘द नॉर्मन काँक्वेस्ट्स’ने. तीन नाटकं, एकच शनिवार-रविवार, एकच घर, तीच सहा माणसं. एक नाटक जेवणाच्या खोलीत घडतं, दुसरं बैठकीत, तिसरं बागेत. एका नाटकात विंगेत गेलेलं पात्र दुसऱ्या नाटकात त्याच क्षणी मंचावर येतं. नटाला तिन्ही नाटकांचा वेळ डोक्यात ठेवावा लागतो. आपण आत्ता कुठून, कशावर चिडून आलो, हे चुकलं तर प्रवेश पोकळ होतो. फेलिसिटी यात ॲनी होत्या, आजारी आईची शुश्रूषा करत घरातच अडकलेली धाकटी मुलगी. सोबत टॉम कोर्टनी, मायकेल गॅम्बन, पेनेलोपी विल्टन आणि पेनेलोपी कीथ. ग्रिनिचला सुरू झालेलं हे त्रिनाट्य पुढे वेस्ट एंडला गेलं. तिथे अभिनेते रिचर्ड ब्रायर्स यांनी ते पाहिलं आणि आपल्या नव्या मालिकेसाठी फेलिसिटी हव्यात असं ठरवलं. ती मालिका म्हणजे ‘द गुड लाइफ’.

लेखक जॉन एस्मंड आणि बॉब लार्बी. पहिला भाग 4 एप्रिल 1975 चा. टॉम गुड (म्हणजे ब्रायर्स) चाळिशीचा होतो, कंपनीतली नोकरी सोडतो आणि सर्बिटन या लंडनच्या नैऋत्येच्या सुखवस्तू उपनगरात राहत्या घराच्या बागेत भाजी, डुकरं, कोंबड्या आणि जेराल्डिन नावाची शेळी पाळून जगायचं ठरवतो. बायको बार्बरा सोबत. शेजारी जेरी आणि मार्गो, म्हणजे पॉल एडिंग्टन आणि पेनेलोपी कीथ. सात-सात भागांचे चार हंगाम, 1977 चा ख्रिसमसचा खास भाग आणि 1978 मध्ये राणीसमोर चित्रित झालेला शेवटचा भाग. एकूण 30.

हे बनायचं कसं, ते कळल्याशिवाय त्यातला अभिनय कळत नाही. त्या काळातल्या बीबीसीच्या विनोदी मालिकेचा आठवडा साधारण असा असे. पहिल्या दिवशी संहितेचं वाचन. मग चार-पाच दिवस तालीम, पण सेटवर नाही. तालमीच्या रिकाम्या हॉलमध्ये जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्यांनी भिंती आखलेल्या, दारांच्या जागी उभे खांब. शेवटी तंत्रज्ञांसाठी एक पूर्ण फेरी. स्टुडिओत दिवसभर कॅमेऱ्यांसोबत तालीम, आणि रात्री समोर बसलेल्या प्रेक्षकांपुढे चार-पाच कॅमेऱ्यांवर पहिल्या प्रसंगापासून शेवटपर्यंत चित्रण. थोडक्यात, दर आठवड्याला एका नव्या अर्ध्या तासाच्या नाटकाचा एकुलता एक प्रयोग. फिरत्या मंडळीत वाढलेल्या नटीला यापेक्षा ओळखीचं काम कोणतं असणार?

अडचण होती बागेची. बागेतले प्रसंग नॉर्थवुडमधल्या खऱ्या घराच्या खऱ्या बागेत आधीच फिल्मवर घेतले जायचे. तिथे प्रेक्षक नाहीत, चिखल आहे, थंडी आहे आणि जनावरं ऐकत नाहीत. ही फिल्म नंतर स्टुडिओतल्या प्रेक्षकांना पडद्यांवर दाखवून त्यांचं हसू टिपलं जाई. म्हणजे नटाला चिखलात उभं राहून, अजून न आलेल्या हशासाठी जागा सोडायची आहे. जागा कमी सोडली तर पुढचं वाक्य हशात बुडतं. जास्त सोडली आणि प्रेक्षक हसलेच नाहीत, तर पडद्यावर दोन माणसं उगाच एकमेकांकडे बघत उभी. फेलिसिटी ही जागा मोकळी ठेवत नाहीत. हात पुसतील, फावडं टेकवतील, टॉमकडे एक नजर टाकतील. हशा आला तर ती कृती त्याला पुरते आणि नाही आला तरी खटकत नाही. विनोदी मालिका करणाऱ्या कुणीही हे चार वेळा मागे नेऊन पाहावं.

दुसरी गोष्ट भूमिकेच्या बांधणीची. टॉम हट्टी, मार्गो ठसठशीत, जेरी त्या दोघांत चेपलेला. तिघांनाही हुकमी हशे आहेत. बार्बराला तसे हशे कमी, आणि इथेच अशी भूमिका घसरते. नटी एक तर नवऱ्याच्या मागे मान डोलवत उभी राहते किंवा हशे ओढून घ्यायला जाते. फेलिसिटी यांनी बार्बराला टॉमच्या बरोबरीची केलं. नवऱ्याचा वेडेपणा तिला मनापासून पटलेला आहे, पण त्याची किंमतही तिला कळते. वर्षभर नवा कपडा नाही, हाताची कातडी निघालेली आणि तरी ती हसते. चौथ्या हंगामाच्या अखेरीस घरात चोर शिरून सगळी नासधूस करतात तो ‘ॲनिव्हर्सरी’ हा भाग पाहा. प्रेक्षकांचं हसू एकदम थांबतं. विनोदी मालिकेला एवढा वळसा पेलतो, कारण आधीचे सत्तावीस भाग बार्बराने ते कष्ट खरे करून दाखवलेले असतात. आणि ख्रिसमसच्या भागात चौघं वर्तमानपत्राच्या टोप्या घालून गुड मंडळींच्या घरी बसतात. आपली टोपी कोणत्या वर्तमानपत्राची यावर मार्गो अडते. सगळा हशा पेनेलोपी कीथ यांचा आहे. त्या वेळी नजर फेलिसिटींवर ठेवा. हशा दुसऱ्याचा असताना त्या अंगाने किती स्थिर राहतात, ते दिसेल.

यशाचा धोका लगेच आला. सगळ्या देशाने त्यांना गोड, खट्याळ बार्बरा म्हणून घरात घेतलं, आणि घोगरट आवाज व लहानखुरी चण यांनी ते लेबल आणखी पक्कं केलं. त्यावर त्यांनी केलेला उपाय सरळ होता: ताबडतोब अवघड नाटक. 1979 मध्ये नॅशनल थिएटरमध्ये पीटर शॅफर यांच्या ‘अमाडेउस’च्या पहिल्यावहिल्या प्रयोगात त्या मोझार्टची बायको कॉन्स्टान्झ होत्या, समोर पॉल स्कोफील्ड आणि सायमन कॅलो. 1980 मध्ये तिथेच ‘ऑथेल्लो’मधली डेस्डेमोना. त्याच वर्षी बीबीसीच्या शेक्सपिअर मालिकेत ‘ट्वेल्फ्थ नाइट’मधली व्हायोला.

टीव्ही सुटला नाही, सोडायचं कारणही नव्हतं. कार्ला लेन यांच्या ‘सोलो’ आणि ‘द मिस्ट्रेस’ या मालिका 1980 च्या दशकातल्या. पहिलीत नवऱ्यासारख्या राहणाऱ्या जोडीदाराला घराबाहेर काढणारी बाई, दुसरीत विवाहित पुरुषाशी संबंध असलेली फुलांच्या दुकानाची मालकीण. दोन्ही भूमिका बार्बराची प्रतिमा मुद्दाम मोडणाऱ्या. 1994 ची ‘हनी फॉर टी’ फसली आणि एकाच हंगामात संपली. त्यात त्या केंब्रिजला आलेल्या अमेरिकन विधवा होत्या, आणि टीका मुख्यतः त्यांच्या अमेरिकन उच्चारांवर झाली. कारण समजण्यासारखं आहे. त्यांचं टायमिंग स्वतःच्या आवाजाच्या चढउतारावर बसलेलं आहे. उसना हेल घेतला की नटीचं लक्ष शब्द कसा म्हणायचा यावर जातं आणि विचार आधी, वाक्य मागून हा क्रमच उलटतो. 2003 पासून आयटीव्हीवर पॅम फेरिस यांच्यासोबत ‘रोझमेरी अँड थाइम’ आली. बागकाम करता करता खुनाचा छडा लावणाऱ्या दोन बायका, 22 भाग. निवांत पाहायला छान, शिकण्यासारखं तुलनेने कमी.

आता प्रश्नातला तिसरा भाग, दोन्ही कसं सांभाळलं. वेस्ट एंडचं वेळापत्रक आपल्या व्यावसायिक रंगभूमीपेक्षा वेगळं असतं. आपल्याकडे आज शिवाजी मंदिर, उद्या बालगंधर्व, परवा कोल्हापूर. सेट ट्रकमध्ये, नट बसमध्ये, आणि मधल्या दिवशी मालिकेचं शूटिंग. तिथे नाटक एकाच थिएटरात महिनोन् महिने मुक्काम ठोकतं आणि आठवड्याला आठ प्रयोग होतात, सहा रात्रीचे, दोन दुपारचे. सुट्टी बहुधा फक्त रविवारची. प्रवासाचा त्रास नाही, पण तोच सेट, तीच दारं, तोच कप रोज त्याच जागी. सत्तराव्या-ऐंशीव्या प्रयोगानंतर नटाचं शरीर डोक्याला न विचारता काम करू लागतं. हशा काल जिथे आला तिथे आज नट थांबतो, आणि हशा येत नाही. मालिकांचे हंगाम छोटे, सहा-सात भागांचे, त्यामुळे ते दोन नाटकांच्या मधे बसवता येतात. फेलिसिटी यांचा क्रम बहुतेक तसाच दिसतो. नाटक हा कणा, टीव्हीची कामं त्याच्या फटींत.

या कण्यातला सगळ्यात भक्कम भाग म्हणजे नाटककार टॉम स्टॉपर्ड. 1982 ची ‘द रिअल थिंग’मधली ॲनी, 1985 ची ‘जंपर्स’मधली डॉटी (त्यात नवरा पॉल एडिंग्टन, म्हणजे मालिकेतला शेजारी जेरी), 1988 ची ‘हॅपगुड’, 1993 ची ‘आर्केडिया’मधली हॅना जार्विस आणि 1995 ची ‘इंडियन इंक’मधली फ्लोरा क्रू. स्टॉपर्ड यांची वाक्यं लांब, युक्तिवादाची आणि विनोद वाक्याच्या शेवटच्या शब्दात दडवलेला. नेहमीची चूक ही, की नट मधला हुशार शब्द ठळक करतो आणि शेवटापर्यंत श्वास उरत नाही. उपाय कोरडा आहे: वाक्याचं शेवटचं क्रियापद आधी शोधायचं, श्वास तिथपर्यंत पुरेल असा घ्यायचा आणि मधे काहीही सजवायचं नाही.

‘आर्केडिया’चा शेवट तर हाताशी ठेवण्यासारखा. एकच खोली, एकच मोठं टेबल. 1809 ची माणसं आणि आजची माणसं आलटून पालटून येतात आणि टेबलावर दोन्ही काळांच्या वस्तू साठत जातात. शेवटच्या प्रवेशात दोन्ही काळ एकाच वेळी मंचावर असतात. तिकडे थॉमसिना आणि सेप्टिमस सहज वॉल्ट्झ करताहेत. इकडे न बोलणारा मुलगा गस वाकून हॅनाला नाचायला बोलावतो. हॅना म्हणजे पुराव्यावर जगणारी, कुणाला जवळ येऊ न देणारी अभ्यासक. ती कशीबशी, अवघडत उठते आणि नाचते. इथे छान नाचणारी नटी असली तर नाटक संपलं. हॅनाचं अवघडणं खरं हवं, पाय चुकायला हवेत, आणि तरी बाजूच्या जोडीची लय मोडता कामा नये. नाचताना शब्द एकही नाही.

त्याच्या अगदी उलट टोकाला बेकेटचं ‘हॅपी डेज’, 2003, आर्ट्स थिएटर, दिग्दर्शक पीटर हॉल. विनी पहिल्या अंकात कमरेपर्यंत मातीच्या ढिगात गाडलेली. तिच्याजवळ एक छत्री आणि एक पिशवी: दात घासायचा ब्रश, आरसा, पिस्तूल. संहितेत प्रत्येक वस्तू कधी उचलायची, कधी ठेवायची हे विरामांसकट लिहिलेलं आहे. पाठांतर म्हणजे शब्द आणि हात यांचं एकत्र पाठांतर, वेगवेगळं केलं तर तालमीत सगळं विस्कटतं. दुसऱ्या अंकात ती मानेपर्यंत गाडली जाते. हात गेले, मान वळत नाही, उरले डोळे, ओठ आणि आवाज. ज्यांना बार्बरा म्हणजे खोडकर हालचाली असं वाटत होतं, त्यांना या भूमिकेतून उत्तर मिळालं. 1989 मध्ये ‘मच अडू अबाउट नथिंग’ आणि चेखवचं ‘इव्हानॉव्ह’ या दोन नाटकांसाठी ‘इव्हिनिंग स्टँडर्ड’चा सर्वोत्तम अभिनेत्रीचा पुरस्कार त्यांना मिळालेला होताच.

शारीरिक विनोदाचं काम उतारवयातलं पाहायचं तर 2022-23 चं ‘नॉइजेस ऑफ’. शहात्तराव्या वर्षी त्या डॉटी ऑटली, म्हणजे नाटकातल्या नाटकात काम करणारी नटी, झाल्या. पहिल्याच प्रवेशात हातात सार्डिन माशांची ताटली, मग फोन, मग वर्तमानपत्र. कोणती वस्तू ठेवायची आणि कोणती न्यायची, यात ती नटी चुकते. आता ही चूक करणाऱ्या खऱ्या नटीला एकदाही चुकून चालत नाही, कारण पुढच्या दोन अंकांची यंत्रणा त्या ताटल्यांवर उभी आहे.

पाहायचा क्रम मी असा लावीन. आधी ‘शेक्सपिअर वाला’. मग ‘द गुड लाइफ’चे तीन भाग: पहिला, ‘ॲनिव्हर्सरी’ आणि ख्रिसमसचा. त्यानंतर बीबीसीची ‘ट्वेल्फ्थ नाइट’, कारण तिथे शेक्सपिअरचं पद्य त्या बोलण्याइतकं साधं करतात. मधे जमलं तर जुहूच्या पृथ्वी थिएटरला एखादा प्रयोग पाहा. 1978 मध्ये शशी आणि जेनिफर यांनी उभारलेलं जेमतेम 200 खुर्च्यांचं हे थिएटर सुरू झालं ते गो. पु. देशपांडे यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ने, हिंदीतून. प्रेक्षकाला नटापासून हाताच्या अंतरावर बसवण्याचा केंडल घराण्याचा आग्रह तिथे अजून अनुभवता येतो.

शेवटी ‘इंडियन इंक’ वाचा, छापील संहिता. स्टॉपर्ड यांनी ती लॉरा केंडल यांच्या स्मृतीस अर्पण केली आहे. 1930 मध्ये भारतात आलेली इंग्रज कवयित्री फ्लोरा आणि तिचं चित्र काढणारा नीरद दास. तो तिला रस म्हणजे काय, शृंगाराचा रंग श्याम का, हे समजावतो. मराठी वाचकाला ही पानं स्वतःच्या घरातली वाटतील. 1980 च्या दशकात फ्लोराची धाकटी बहीण मिसेस स्वान, म्हातारी झालेली, तिच्या आठवणी आणि पत्रं सांभाळत बसली आहे. मूळ रेडिओ नाटक 1991 चं. त्यात फेलिसिटी फ्लोरा होत्या आणि मिसेस स्वान होत्या पेगी ॲशक्रॉफ्ट. 1995 मध्ये ऑल्डविच थिएटरला रंगमंचावरही फ्लोरा त्यांचीच. 2025 च्या डिसेंबरात हॅम्पस्टेड थिएटरमध्ये हे नाटक पुन्हा आलं, तेव्हा एकोणऐंशी वर्षांच्या फेलिसिटी मिसेस स्वान झाल्या. वाचताना दोन्ही बहिणींची वाक्यं समोरासमोर ठेवून मोठ्याने म्हणून पाहा. फ्लोराच्या वाक्यांत श्वास पुढे धावतो, मिसेस स्वानच्या वाक्यांत तो चहाच्या कपाशी, केकच्या बशीशी थांबतो.